बर्फ, बाटली आणि गुरुजी

दिवाळीत गच्चीवर आकाशकंदील टांगताना त्यावर प्लॅस्टिकचा कागद बांधण्याची पाळी आली, तर घरातले लहान मूल हटकून विचारते, "पावसाळा संपला ना? मग हा पाऊस कसला?" या प्रश्नाला आपल्या घरांतून साधारणपणे तीन उत्तरे मिळतात. आजोबा म्हणतात, "कलियुग आहे बाळ, ऋतूंनीसुद्धा ताळतंत्र सोडले." वडील वर्तमानपत्रातून डोके वर न काढता म्हणतात, "ग्लोबल वॉर्मिंग!" आणि आई फराळाच्या परातीकडे लक्ष ठेवून म्हणते, "सुटी संपली की शाळेत बाईंना विचार."

वाचकहो, या तिन्ही उत्तरांत आईचे उत्तर मला सर्वांत शहाणपणाचे वाटते. पण त्यामुळे सगळा भार बिचाऱ्या बाईंच्या डोक्यावर जाऊन पडतो, हेही खरे. बाई बी.एड. किंवा डी.एड. झालेल्या असतात. त्यांच्या विद्यार्थिदशेत हवामानबदल हा विषय पाठ्यपुस्तकात असलाच तर एखाद्या परिच्छेदापुरता होता. आज तोच विषय भूगोलात, विज्ञानात, परिसर अभ्यासात, इतकेच काय पण भाषेच्या निबंधातही येऊन बसला आहे. तो शिकवायचा कसा, हे मात्र बाईंना फारसे कोणी हाताला धरून शिकविलेले नाही. या लेखाचा विषय तोच आहे : हवामानाचे शास्त्र मुलांना स्वतःच्या हातांनी करून पाहता यावे, यासाठी आधी त्यांच्या शिक्षकांना कसे तयार करावे?

हवा आणि हवामान

मी मराठीचा प्राध्यापक. या विषयाशी माझा संबंध आला तो भाषेच्या दारातून. एका जिल्ह्याच्या गावी शिक्षकांचे प्रशिक्षण शिबिर भरले होते, आणि तेथे वाटावयाच्या कृतिपत्रिकांचे मराठी सोपे करून देण्याचे काम माझ्याकडे आले. पहिल्याच पानावर मी अडखळलो.

शाळेच्या भूगोलात 'हवा' म्हणजे आजची, या घटकेची वातावरणाची स्थिती. आणि 'हवामान' म्हणजे एखाद्या प्रदेशातील हवेची दीर्घकाळची सरासरी. जागतिक प्रथेप्रमाणे ही सरासरी साधारणतः तीस वर्षांची धरतात. भेद अगदी स्वच्छ आहे. पण व्यवहारात आपण काय बोलतो? उद्या पाऊस पडेल की नाही, हे सांगणारे खाते 'हवामान खाते'. आणि शंभर वर्षांत पृथ्वी तापली, तो 'हवामानबदल'. एकच शब्द उद्याला आणि शतकाला! मग मुलाने दिवाळीतला एक पाऊस पाहिला की त्याला वाटते, हवामान बदलले. आणि जानेवारीत कडाक्याची थंडी पडली की त्याच्या काकांना वाटते, हे सगळे थोतांड आहे. एका दिवसावरून दोघेही निष्कर्ष काढतात आणि दोघेही चुकतात.

हा घोटाळा व्याख्या पाठ करून सुटत नाही. शिबिरात तो कसा सोडविला, ते सांगतो. प्रत्येक शिक्षकाला सोंगट्यांचा एक फासा दिला आणि वीस वेळा टाकून आकडे लिहावयास सांगितले. मग दुसरा फासा दिला. त्याच्या एका बाजूवरील एकाचा आकडा खोडून तेथे सहा केला होता. पुन्हा वीस वेळा टाका. दुसऱ्या फाशावर पडलेला एखादा सहा दाखवून 'हा त्या खोडाखोडीमुळेच पडला' असे कोणाला सांगता येईना. पण वर्गातल्या सर्वांच्या आकड्यांची बेरीज फळ्यावर मांडली, तेव्हा फासा बदललेला आहे हे लपले नाही. एक दान म्हणजे हवा. आणि फाशाची घडण म्हणजे हवामान. भूगोलाच्या एका बाई म्हणाल्या, "व्याख्या मी पंधरा वर्षे लिहून देते आहे, आज ती हाताला लागली."

न्यायालयाचा आदेश आणि प्रकल्पाची वही

पर्यावरण हा विषय शाळेत शिकविलाच पाहिजे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर १९९१ सालीच दिला. पुढे २००३ साली न्यायालयाने त्याच्या अंमलबजावणीचा पाठपुरावाही केला. म्हणजे आदेश आहे, अभ्यासक्रम आहे, पुस्तक आहे. पण आदेशाने विषय येतो, तो शिकविण्याचे कसब येत नाही. त्याचा परिणाम आपण मध्यमवर्गीय पालक घरोघरी पाहतोच : प्रकल्पाची वही! रविवारी रात्री नऊ वाजता मुलाला आठवते की उद्या 'पर्यावरणाचे रक्षण' हा प्रकल्प द्यावयाचा आहे. मग वडील स्टेशनरीच्या दुकानाकडे धाव घेतात, आई चित्रे कापून चिकटवते, आणि मूल झोपी जाते. आमच्या एका शेजाऱ्यांच्या घरी तर पृथ्वी वाचविण्याचा देखावा थर्मोकोलचा केला होता. त्या पदार्थाच्या सजावटीला आपल्या राज्यात २०१८ सालीच बंदी आली, याची आठवण पृथ्वीला हिरवा रंग देण्याच्या गडबडीत कोणास झाली नाही.

यात मुलांचा दोष नाही आणि शिक्षकांचाही नाही. ज्याने स्वतः कधी प्रयोग केला नाही, तो मुलांच्या हाती प्रयोग देण्यास बिचकतो. प्रयोग फसला तर? मुलाने भलताच प्रश्न विचारला तर? त्यापेक्षा उत्तर लिहून दिलेले बरे. ही भीती जोवर जात नाही, तोवर कितीही पुस्तके छापली तरी वर्गात लिहून देणेच चालणार.

दोन पेले

त्या शिबिरात ही भीती घालविण्याचा उपाय मोठा सरळ होता. पहिला दिवसभर शिक्षकांना विद्यार्थी केले. टेबलावर काचेचे दोन पेले ठेवले. पहिल्या पेल्यात पाणी, त्यावर तरंगणारे बर्फाचे खडे. दुसऱ्यात एक दगड, दगडाचे डोके पाण्याबाहेर, आणि त्या डोक्यावर बर्फ. दोन्ही पेल्यांवर पाण्याच्या पातळीची खूण पेनने केली. मग प्रश्न आला : बर्फ वितळल्यावर कोणत्या पेल्यातले पाणी खुणेच्या वर जाईल?

बहुतेक सर्वांनी सांगितले, दोन्हींतले. बर्फ वितळेपर्यंत चहा झाला. परत येऊन पाहतात तो दगडाच्या पेल्यातले पाणी खुणेच्या चांगले वर चढलेले. आणि तरंगत्या बर्फाच्या पेल्यात पातळी जेथल्या तेथे! निवृत्तीला आलेले एक गुरुजी पेला डोळ्यांसमोर धरून कितीतरी वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "उत्तर ध्रुवाचा बर्फ वितळला की मुंबई बुडणार, असे मी मुलांना सांगत आलो. त्याचे काय?"

शिबिर चालविणाऱ्या तरुणाने घाईने उत्तर दिले नाही. तो म्हणाला, "गुरुजी, आपणच सांगा. उत्तर ध्रुवावरचा बर्फ या दोहोंपैकी कोणत्या पेल्यातला?"

गुरुजींनी क्षणभर विचार केला आणि तरंगत्या बर्फाच्या पेल्यावर बोट ठेवले. मग तेच पुढे म्हणाले, "आणि ग्रीनलंडचा या दगडावरचा."

उत्तर अगदी बरोबर होते. उत्तर ध्रुवावर आहे तो समुद्रावर तरंगणारा बर्फ. तो जेवढे पाणी बाजूला सारतो तेवढेच वितळून होतो, म्हणून पातळी जवळजवळ बदलत नाही. समुद्र खारा असल्याने किंचित फरक पडतो इतकेच. ग्रीनलंड आणि अंटार्क्टिका येथील बर्फ मात्र जमिनीवर बसलेला आहे. एकट्या ग्रीनलंडवरील सगळा बर्फ वितळला तर जगभरच्या समुद्राची पातळी सुमारे सात मीटर वाढेल. अर्थात ही काही उद्याची गोष्ट नव्हे. पण १९०१ ते २०१८ या काळात समुद्राची सरासरी पातळी सुमारे वीस सेंटीमीटर वाढलीच आहे, आणि वाढीचा वेग अलीकडे अधिक झाला आहे. सातशे किलोमीटरहून अधिक लांब किनारा असलेल्या आपल्या राज्याला हा हिशेब परका नाही.

या वाढीतला एक मोठा वाटा बर्फाचा नसून नुसत्या तापण्याचा आहे, हेही एका बाटलीने दाखविता येते. काचेची लहान बाटली रंगीत पाण्याने काठोकाठ भरावी, बुचातून एक बारीक नळी आत सोडावी, फटी मेणाने बुजवाव्यात, आणि बाटली गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवावी. नळीतले पाणी वर चढू लागते. पाणी तापले की फुगते. समुद्रही तापला की फुगतो. पृथ्वीवर साठणाऱ्या जादा उष्णतेपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक उष्णता समुद्रच पोटात घेतो.

मौज अशी की नळीतले पाणी वर चढण्यापूर्वी क्षणभर खाली उतरते. शिबिरात हे पाहून एका सरांचा चेहरा उतरला. त्यांना वाटले, प्रयोग फसला. पण तो फसला नव्हता. आधी काच तापून फुगते, बाटली जराशी मोठी होते, म्हणून पाणी खाली जाते, आणि मग पाणी तापून वर येते. सरांनी हे शिबिरात पाहिले नसते, तर वर्गात पहिल्या बाकावरच्या मुलाने "सर, उलटे झाले!" म्हणताच त्यांनी त्याला गप्प बसविले असते. प्रशिक्षण हवे ते याचसाठी.

खरे उत्तर, खोटा पुरावा

याहून अवघड गोष्ट पुढे आहे. हरितगृह परिणाम शिकविण्यासाठी एक प्रयोग जगभर लोकप्रिय झाला आहे. दोन बाटल्या घ्यावयाच्या. एकीत खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर यांपासून निघालेला कार्बन डाय-ऑक्साइड भरावयाचा, दुसरीत साधी हवा. दोन्ही दिव्यासमोर ठेवून थर्मामीटर लावावयाचे. पहिली बाटली अधिक तापते आणि मुले टाळ्या वाजवितात. परंतु 'अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्स' या नियतकालिकात २०१० साली अशा प्रयोगाची चिकित्सा प्रसिद्ध झाली. संशोधकांनी कार्बन डाय-ऑक्साइडऐवजी आर्गॉन वायू वापरला. हा वायू उष्णता धरून ठेवणारा नव्हे, पण जवळजवळ तितकाच जड. तापमान तसेच वाढले! म्हणजे त्या प्रयोगातला फरक मुख्यतः जड वायू वरच्या हवेत लवकर मिसळत नाही यामुळे पडतो. वातावरणात जे घडते त्यामुळे नव्हे. निष्कर्ष खरा, पण पुरावा त्याचा नव्हे.

मग मुलांना काय दाखवावे? आधी गोष्ट सांगावी. १८५६ साली युनिस फूट नावाच्या अमेरिकन बाईंनी काचेच्या नळ्यांत निरनिराळे वायू भरून त्या उन्हात ठेवल्या. कार्बन डाय-ऑक्साइडची नळी सर्वांत अधिक तापली आणि निवावयास कितीतरी अधिक वेळ लागला. या वायूचे प्रमाण वाढले तर पृथ्वी तापेल, असे त्यांनी लिहिले. शास्त्रज्ञांच्या सभेत त्यांचा निबंध वाचला गेला, तो जोसेफ हेन्री या गृहस्थांच्या तोंडून. पण सूर्याची उष्णता आणि तापलेल्या जमिनीतून परत निघणारी अदृश्य उष्णता यांचा भेद त्यांच्या साधनांनी करता येत नव्हता. ती अदृश्य उष्णता हे वायू अडवितात, हे १८५९ साली जॉन टिंडल यांनी वेगळ्या उपकरणाने दाखवून दिले. शास्त्र असे एकमेकांच्या उणिवा भरून काढीत पुढे जाते, हे मुलांना कळणे हाही एक धडाच आहे.

मग हाताला काम द्यावे. चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर मारली की ती दुधाळ होते. आपल्या श्वासातला कार्बन डाय-ऑक्साइड मुलांना दिसतो. (निवळी तोंडात ओढली जाऊ नये, एवढे शिक्षकाने पाहावे.) नंतर आलेखाचा कागद द्यावा. हवाई बेटांवरील मौना लोआ येथे चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ साली या वायूचे मोजमाप सुरू केले, तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारे ३१५ भाग होता. २०२४ साली तो ४२० च्या वर गेलेला होता. वर्षावर्षाचे आकडे मुलांनी स्वतः मांडले की रेघ चढत जाते; महिन्यांचे मांडले तर तिला करवतीसारखे दाते दिसतात, कारण उत्तर गोलार्धातली झाडे उन्हाळ्यात हा वायू शोषतात आणि हिवाळ्यात तो पुन्हा हवेत जातो. पृथ्वीचा श्वासोच्छ्वासच जणू पेन्सिलीखाली उमटतो.

आपल्या गच्चीवरचा पाऊस

शिबिराचा तिसरा दिवस मोजमापाचा होता. पर्जन्यमापक कशाचाही होतो. फक्त भांडे उभ्या भिंतींचे हवे. तोंड रुंद आणि पोट अरुंद असेल तर पाऊस फुगवून सांगितला जातो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी, एवढे समजले की आकडे बोलू लागतात. नोंद सकाळी साडेआठ वाजता करावी. आपले हवामान खातेही चोवीस तासांचा पाऊस त्याच वेळी मोजते.

यावर कोणी म्हणेल, खाते १८७५ पासून मोजतेच आहे, मग शाळेने कशाला मोजावे? याचे उत्तर मुंबईकरांनी २६ जुलै २००५ रोजी अनुभवले आहे. त्या चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर ९४४ लिटर पाणी! आणि त्याच शहरातल्या कुलाब्याच्या वेधशाळेत? अवघा ७३ मिलिमीटर. एकाच शहरात पावसाचे इतके अंतर पडते. मग दोन वेधशाळांच्या मधल्या शंभर शाळांनी पाऊस मोजला तर तो निव्वळ खेळ ठरेल काय?

तापमानाचेही तसेच. उन्हात ठेवलेला थर्मामीटर हवेचे नव्हे, स्वतःच्या तापण्याचे मोजमाप सांगतो. म्हणून वेधशाळेत तो झडपांच्या पांढऱ्या पेटीत, सावलीत टांगलेला असतो. ही पेटी तयार केली टॉमस स्टीव्हन्सन यांनी. 'ट्रेझर आयलंड' लिहिणाऱ्या रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनचे ते वडील. साहित्याच्या माणसाला या पेटीविषयी आपुलकी वाटली तर नवल नाही. शाळेत खोक्याला चुना लावून ती करता येते. थर्मामीटर मात्र पाऱ्याचा नको, रंगीत स्पिरिटचा असावा. फुटला तर धोका नाही.

होशंगाबादचा धडा

हे सगळे नवे आहे असे कोणी समजू नये. मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली सोळा उच्च प्राथमिक शाळांत प्रयोगांतून विज्ञान शिकविण्याचा उपक्रम सुरू झाला. किशोर भारती आणि रसूलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी तो हाती घेतला. १९७८ साली तो जिल्हाभर पसरला, आणि १९८२ पासून 'एकलव्य' संस्थेने तो पुढे चालविला. आपल्याकडेही मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने सत्तरच्या दशकात जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरात ग्रामीण शिक्षकांबरोबर काम केले.

होशंगाबादचे लोक शिक्षकांना कसे तयार करीत? उन्हाळ्याच्या सुटीत अनेक दिवसांची शिबिरे भरत. विद्यापीठांतले शास्त्रज्ञ आणि खेड्यातले गुरुजी एकाच बाकावर बसून तोच प्रयोग करीत. वर्षभर दर महिन्याला शिक्षकांच्या बैठका होत. काय जमले, काय फसले, ते तेथे मोकळेपणी बोलले जाई. साहित्याची पेटी शाळेत पोचविली जाई. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे परीक्षा बदलली होती : पुस्तक उघडे ठेवून उत्तरे लिहावयाची आणि प्रयोग करून दाखवावयाचा. परीक्षा जर पाठांतराचीच राहिली, तर शिक्षक प्रयोग का करील?

हा उपक्रम राज्य सरकारने २००२ साली बंद केला. तीस वर्षांचे काम एका निर्णयाने थांबले. पण त्याने सिद्ध केलेली गोष्ट थांबलेली नाही. फ्रान्समध्ये नोबेल पारितोषिकविजेते जॉर्ज शार्पाक यांनी १९९६ साली हाताने विज्ञान करण्याची चळवळ सुरू केली. तिच्याच परंपरेतून २०१८ साली पॅरिसला हवामान-शिक्षणाचे एक खास कार्यालय निघाले. शास्त्रज्ञांचे जाडजूड अहवाल शिक्षकांना वर्गात वापरता येतील अशा कृतींत उतरविणे हे त्याचे काम.

आपल्याकडची नेहमीची पद्धत मात्र पाटाच्या पाण्यासारखी आहे. राज्यात काहींना शिकवावयाचे, त्यांनी जिल्ह्यात, त्यांनी तालुक्यात, त्यांनी केंद्रात. शेवटच्या शेतापर्यंत पोचेतो निम्मे पाणी वाटेत झिरपते. शेवटच्या शिक्षकाच्या हाती येतात ती चलत्चित्रे, हजेरीचा कागद आणि चहा. बर्फाचा खडा त्याच्या हाताला लागतच नाही. तीन दिवसांचे शिबिर हेही पुरे नाही. त्यानंतर महिन्याला एक बैठक हवी, फसलेल्या प्रयोगाबद्दल विचारावयास कोणीतरी हवे. शाळा-शाळांच्या मासिक शिक्षण परिषदा आजही भरतातच; तेथे परिपत्रके वाचण्याऐवजी एक प्रयोग करावयास काय हरकत आहे?

पैसा, वेळ आणि पालक

"वेळ कोठे आहे? पोर्शन कोण पुरा करणार?" हा आक्षेप खोटा नाही. निवडणुका, गणना, सर्वेक्षणे यांतून शिक्षकाचा वेळ उरतो किती, हे सर्वांना ठाऊक आहे. पैशाची अडचण मात्र फार मोठी नाही. पेला, बाटली, चुना आणि दगड यांना किंमत ती काय? खरी किंमत आहे ती शिक्षकाला चुकण्याची मोकळीक देण्याची. वर्गात "मला माहीत नाही, आपण करून पाहू" असे म्हणणाऱ्या शिक्षकाला मुख्याध्यापकांनी आणि आपण पालकांनी कमी लेखू नये.

कारण उद्याच्या उन्हाळ्यांना आणि अवकाळी पावसांना तोंड द्यावयाचे आहे ते याच मुलांना. त्यांच्यापुढे रोज फोनवर शंभर बातम्या येणार. 'पृथ्वी बुडाली' म्हणणाऱ्या आणि 'काहीच झाले नाही' म्हणणाऱ्याही. ज्या मुलाने स्वतः पाऊस मोजला आहे, ते विचारील : कोठे मोजलेत? किती वर्षे? सावलीत की उन्हात? एवढे विचारता आले तरी शिक्षण सार्थकी लागले.

म्हणून पुढच्या पालकसभेत आपण 'पोर्शन किती झाला' हे जरूर विचारावे, पण त्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारावा : "या सहामाहीत मुलांनी स्वतः काय मोजले?" उत्तर नसेल तर बाईंवर रागावू नये. त्यांना शिकविण्याची सोय कोणी केली आहे काय, हे संस्थेला विचारावे. आणि तोवर फराळाचा एखादा उभ्या भिंतींचा रिकामा डबा, एक पट्टी आणि एक वही मुलाच्या हाती देऊन त्याला गच्चीवर धाडावे. सकाळी साडेआठची वेळ मात्र चुकवू नये.